थायरॉईडची गोळी कधी सुटू शकते का?

मृदगंध
नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आहे. मुलगी सहा महिन्यांची असताना मला प्रचंड थकवा, केसगळती, चेहऱ्यावर सूज असं सगळं एकदम सुरू झालं. रात्रीची जागरणं, अंगावरचं दूध, त्यामुळेच असेल असं घरच्यांनाही वाटलं आणि मलाही. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन) १४. थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले.

आता लेक शाळेत जाते. गोळी तीच, डोसही तोच. दरवर्षीचा रिपोर्ट नॉर्मल, परवाचा टीएसएच २.१. मग थायरॉईड बरा झाला असं समजायचं का? की गोळीमुळे तसा दिसतोय? आणि इतकी वर्षं बाहेरून हार्मोन घेतल्यावर माझी ग्रंथी आपणहून काम करायची थांबली तर नसेल? डॉक्टरांनी "चालू ठेवा" एवढंच सांगितलं. गोळी घ्यायला माझी ना नाही, पण गरज नसताना घेत असेन तर ते कळायला हवं.

कवडसा
माझ्या आईची वीसेक वर्षं चालू आहे. तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही आयुष्यभराची सोबत. रोज सकाळी उठल्या उठल्या घेते, तब्येत ठणठणीत. एका छोट्या गोळीने सगळं सुरळीत चाललंय तर कशाला हात लावायचा, असं माझं मत.

रानपाखरू
माझ्या बहिणीचं सांगते. तिने कुणालाही न विचारता गोळी सोडली होती. पहिला आठवडा मजेत गेला. "बघ, काही होत नाही, उगाच खात होते," असं मला फोनवर सांगितलं. त्यानंतर हळूहळू तिचा आवाजच बदलला. फोनवर मला आधी वाटलं सर्दी झालीय. आवाज जड, घोगरा, आणि बोलण्याची लय संथ, शब्द ओढून काढल्यासारखी. तिला स्वतःला यातलं काहीच जाणवत नव्हतं. भेटले तेव्हा पापण्या सुजलेल्या, बोटातली अंगठी निघत नव्हती, आणि पंखा बंद करा म्हणून सारखी मागे लागायची. टीएसएच ६० च्या वर निघाला. गोळी परत सुरू केल्यावर सगळं ओसरलं, पण त्याला दोन-तीन महिने गेले. मृदगंध, स्वतःच्या मनाने सोडू नका एवढंच कळकळीने सांगते.

पारिजात
मी एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या विभागात, काम करते. हा प्रश्न ओपीडीत जवळपास रोज येतो आणि घाईत त्याला अर्धवट उत्तर मिळतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी २.१ या आकड्याबद्दल. गोळी चालू असताना आलेला टीएसएच एवढंच सांगतो की डोस तुम्हाला बरोबर बसलाय. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातल्या थायरॉईड हार्मोनचा अंदाज घेत असते. ते गळ्यातल्या ग्रंथीतून आलं की गोळीतून, हे तिला कळत नाही. पुरेसं आहे असं दिसलं की ती टीएसएच कमी सोडते. त्यामुळे तुमची ग्रंथी पूर्ण बरी झालेली असो किंवा पार निकामी, दोन्ही बाबतींत गोळीवरचा रिपोर्ट २.१ येऊ शकतो.

आता तुमची भीती. बाहेरून हार्मोन मिळत असताना ग्रंथीचं काम मंदावतं, हे खरं आहे. पण ते कायमचं नसतं. मॉन्टे ग्रीअर यांनी १९५१ मध्ये निरोगी माणसांना थायरॉईडचा अर्क देऊन नेमकं हेच तपासलं होतं. अर्क चालू असताना ग्रंथीचं काम थंडावलं आणि थांबवल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत झालं. दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्यांवर पुढे झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं. निरोगी ग्रंथी गोळीमुळे खराब होत नाही.

पण म्हणून गोळी ग्रंथीला बरं करते असंही नाही. ती फक्त तूट भरून काढते. ग्रंथी परत उभी राहणार की नाही, हे ती मुळात कशामुळे मंदावली त्यावर ठरतं. त्यामुळे "आयुष्यभर घ्यावी लागते" म्हणणारे आणि "माझी सुटली" म्हणणारे, दोघंही खरं सांगत असू शकतात. त्यांची दुखणी वेगळी असतात, फाइलवर नाव तेवढं एकच लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार रुग्णांच्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, ठासून भरलेल्या होत्या. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते, हे नंतर १९५६ च्या सुमारास रक्तात ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडीज (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) सापडल्यावर उलगडलं. या आजारात पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊतक येतं. ग्रंथीचा मोठा भाग असा गेलेला असेल तर गोळी कितीही वर्षं घेतली तरी तो परत येत नाही. थायरॉईडवरच्या उपचाराची सुरुवातच ग्रंथी मंदावलेल्या एका रुग्णापासून झाली. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून द्यायला सुरुवात केली, पुढे तो तोंडाने दिला. त्या आणखी २८ वर्षं जगल्या, आणि १९१९ मध्ये वारल्या तोपर्यंत उपचार चालूच होता. तरीही मी याकडे निराशेने बघत नाही. ज्या आजारात माणूस हळूहळू विझत जायचा, त्यात त्यांना पावणेतीन दशकं मिळाली.

हाशिमोटोतही क्वचित ग्रंथी सावरते. काही रुग्णांत अँटीबॉडीज पेशी मारत नाहीत, ग्रंथीवरच्या ज्या रिसेप्टरवर (खाचेवर) टीएसएच बसतो तो अडवून धरतात. अशा अँटीबॉडीज ओसरल्या तर काम परत सुरू होतं. १९९२ मध्ये असे रुग्ण नोंदवले गेलेत. पण यावर आशा लावून बसू नये, हे कमी जणांच्या बाबतीत घडतं.

आणि मग येतात ती दुखणी ज्यांत सावरणं हाच नियम असतो. बाळंतपणानंतरचा थायरॉईडायटिस, म्हणजे थायरॉईड ग्रंथीची सूज, त्यातलाच. तुमची हकीकत वाचून मला पहिल्यांदा तोच आठवला.

मृदगंध
पारिजात, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाळंतपणानंतरचा थायरॉईडायटिस हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकतेय. माझ्या फाइलवर फक्त "हायपोथायरॉईड" लिहिलंय. अँटीबॉडीज तपासल्याचं आठवत नाही.

पारिजात
साधारण वीस बाळंतिणींमध्ये एकीला हा होतो. गरोदरपणात प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, बाळंतपणानंतर ती उसळून येते आणि ग्रंथीला सूज येते. बऱ्याच जणींत आधी साठवलेलं हार्मोन गळून बाहेर पडतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत धडधड, चिडचिड, वजन उतरणं असं होतं. ते लक्षातही येत नाही, बाळ लहान असतं. साठा संपला की चौथ्या ते आठव्या महिन्याच्या आसपास उलटं चित्र, म्हणजे थकवा, सूज, केस गळणं. बहुतेकींची ग्रंथी वर्ष सरता सरता सावरते. काहींची मात्र कायमची मंद राहते, आणि ज्यांची सावरते त्यांच्यातही पुढे काही वर्षांनी परत मंदावण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

तुमचं वेळापत्रक याच्याशी जुळतं. गडबड अशी होते की त्या वेळी गोळी सुरू होते (१४ टीएसएच आणि एवढा त्रास असताना ती द्यायलाच हवी होती) आणि पुढे वर्षभराने ती थांबवून बघायचं राहून जातं. रिपोर्ट नॉर्मल, रुग्ण खूश, गोळी स्वस्त, मग कोण विषय काढणार? मला हे खटकतं. गोळी सुरू करताना "का" आणि "कधीपर्यंत" हे फाइलवर लिहिलेलं असलंच पाहिजे.

तुमचं वजन किती? ग्रंथी अजिबात काम करत नसेल तर मोठ्या माणसाला दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं.

मृदगंध
वजन ६२ किलो.

पारिजात
म्हणजे ग्रंथी पूर्ण बंद असती तर १०० च्या आसपास लागलं असतं. तुमचं ५० मध्ये भागतंय. याचा अर्थ तुमची ग्रंथी थोडंफार काम नक्की करतेय. गोळीशिवाय तेवढं पुरेल का, हे या हिशेबातून कळत नाही, पण बघायला जागा आहे.

ध्रुवतारा
या धाग्यामुळे वडिलांचं आठवलं. न्यूमोनियातून उठल्यावर घरी सोडताना केलेल्या तपासण्यांत टीएसएच १२ आला होता. आम्ही घाबरलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरने सांगितलं की आत्ता गोळी नको, दीड-दोन महिन्यांनी परत तपासा. परत तपासला तेव्हा ४ च्या आत. गोळी लागलीच नाही. असं कसं होतं?

पारिजात
त्या डॉक्टरचं कौतुक वाटलं. गंभीर आजारात टीएसएच आधी दबतो आणि माणूस सावरत असताना काही काळ वर उडी मारतो, कधी २० पर्यंतही. ग्रंथीत दोष नसतो. म्हणूनच इस्पितळातून बाहेर पडताना केलेल्या एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये.

हीच गोष्ट टीएसएच थोडाच वाढलेला असताना. टी-४ (म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन) नॉर्मल आणि टीएसएच ४.५ ते १० च्या मधे, याला सबक्लिनिकल म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी परत तपासल्यावर यातल्या बऱ्याच जणांचा टीएसएच आपोआप खाली आलेला असतो. वयानुसार तो जरा वर सरकतो, वजन खूप असलं तरी थोडा वर असतो, आणि रात्री-पहाटे दुपारपेक्षा जास्त असतो. २०१७ मध्ये ६५ वर्षांवरच्या सबक्लिनिकल रुग्णांवर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गोळीने टीएसएच खाली आला, पण थकवा आणि इतर त्रासांत खोट्या गोळीपेक्षा काही फरक पडला नाही.

देवचाफा
लहान मुलांचं काय? माझ्या मुलाला जन्मल्यानंतरच्या तपासणीत कळलं. दुसऱ्या आठवड्यापासून गोळी कुस्करून देतोय. आता तो अडीच वर्षांचा आहे आणि छान बोलतो, पळतो. तीन वर्षांचा झाला की बघू असं डॉक्टर म्हणालेत. मला तर थांबवायच्या कल्पनेनेच धडकी भरते.

पारिजात
देवचाफा, तीन वर्षं थांबायचं कारण म्हणजे तोपर्यंत मेंदूची वाढ थायरॉईड हार्मोनवर फार अवलंबून असते. त्या काळात प्रयोग करायचाच नसतो, एकही डोस चुकवायचा नसतो. तीन वर्षांनंतर हा धोका खूप कमी होतो, म्हणून थोड्या आठवड्यांसाठी गोळी थांबवून किंवा कमी करून तपासता येतं. ग्रंथी जन्मतः नसेल किंवा जिभेच्या मुळाशी अडकून राहिली असेल (स्कॅन केला असेल तर रिपोर्टमध्ये असेल) तर असा प्रयत्न करायची गरजच नाही, गोळी कायम. ग्रंथी जागेवर आणि नीट आकाराची असेल, डोसही फार वाढवावा लागला नसेल, तर ती तात्पुरतीच मंदावलेली असण्याची चांगली शक्यता असते. धडकी भरणं साहजिक आहे. पण ते थोडे आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली जातात आणि रिपोर्ट बिघडला तर गोळी लगेच परत सुरू होते. तुम्ही अडीच वर्षं रोज न चुकता गोळी दिलीत, तो बोलतो-पळतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

शमा
मी वाचलंय की समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी थायरॉईड मुळापासून बरा होतो, कारण त्यात आयोडीन असतं. कुणी घेतल्यात का?

पारिजात
शमा, कृपया घेऊ नका. आहारात आयोडीन खरोखरच कमी असेल तर ते दिल्याने फायदा होतो. पण पुरेसं मिळत असताना वरून भरमसाट आयोडीन दिलं तर ग्रंथी हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. निरोगी ग्रंथी यातून काही दिवसांत बाहेर पडते. हाशिमोटोने पोखरलेली ग्रंथी बाहेर पडू शकत नाही, आणि थायरॉईड आणखी मंदावतो. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांचा थायरॉईड शेवाळाच्या गोळ्यांमुळेच मंद होता. त्या थांबवल्यावर बरा झाला, म्हणजे "सुटणाऱ्या" कारणांतलंच हे एक.

औषधांचंही तसंच. लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन (त्यात आयोडीन ठासून असतं आणि ते शरीरातून जायलाच महिने लागतात), काही कर्करोगांवरची औषधं. कधी औषध थांबवल्यावर ग्रंथी सावरते, कधी नाही. कर्करोगाच्या इम्युनोथेरपीनंतर मंदावलेली ग्रंथी सहसा परत येत नाही. यातलं कुठलंही औषध थायरॉईडसाठी म्हणून परस्पर बंद करायचं नाही.

कवडसा
मग माझ्या आईचं काय? तिची थांबवून बघायची का?

पारिजात
गोळी का सुरू झाली, सुरुवातीचे आकडे काय होते, डोस किती, हे बघावं लागेल. सुरुवातीलाच टी-४ कमी होता, टीएसएच २० च्या वर होता, अँटीबॉडीज भरपूर आहेत, सोनोग्राफीत ग्रंथी आक्रसलेली दिसते, डोस १०० च्या आसपास आहे, असं असेल तर थांबवून काही साधणार नाही. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली असेल तर प्रश्नच नाही. किरणोत्सारी आयोडीन घेतलेलं असेल तर पहिल्या सहा महिन्यांतलं मंदावणं कधी तात्पुरतं असू शकतं, नंतरचं कायमचं धरायचं. पिट्युटरीचाच दोष असेल तर टीएसएचवरून काहीच ठरवता येत नाही, आणि गोळी थांबवणं धोक्याचं. हृदयविकार असलेल्यांनीही हा प्रयत्न उगाच करू नये.

उलट, गोळी टीएसएच ६-७ असताना एकाच रिपोर्टवर सुरू झाली असेल आणि डोस २५ असेल, तर नक्की विचारा. २०२१ मध्ये गोळी थांबवलेल्या रुग्णांच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा आला. त्यात साधारण एक तृतीयांश लोकांचं गोळीशिवाय भागलं. मात्र सुरुवातीला टी-४ ही कमी असलेल्यांत हे प्रमाण फार कमी होतं, दहातल्या एकाच्या आसपास.

रानपाखरू
बहिणीला पहिला आठवडा काहीच का जाणवलं नाही?

पारिजात
रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर आठवडाभर बरं वाटणं हा कशाचाच पुरावा नसतो. साठा पूर्ण उतरून टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून तपासणीही तेव्हाच, पंधरा दिवसांनी केलेली फसवी असते. तिचा बदललेला आवाज तुम्हाला कळला आणि तिला कळला नाही, हेही अगदी नेहमीचं. हा आजार इतका हळू चढतो की माणूस त्याच्याशी जुळवून घेत जातो. आमच्याकडे रुग्ण खुर्चीवर गुडघे टेकून उभा राहिला की टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून बघतात. पाऊल झटक्यात हलतं, पण परत जागेवर येताना रेंगाळतं. बघणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं, रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गोळी कमी करून बघताना घरच्या एकाला तरी लक्ष ठेवायला सांगावं.

मृदगंध
अँटीबॉडीज तपासून घेतल्या. थोड्या वाढलेल्या आहेत, फार नाहीत. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार नॉर्मल, थोडी खडबडीत लिहिलीय. डॉक्टरांची वेगळी वेळ घेऊन सगळं विचारलं. तेही म्हणाले, प्रयत्न करायला हरकत नाही. त्यांनी आधी २५ वर आणायला सांगितलंय.

पारिजात
एक प्रश्न राहिला, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्या बाळाचा विचार आहे का? उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा. असेल तर आत्ता डोसला हात लावू नका. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते पूर्णपणे आईच्या हार्मोनवर असतं, आणि आईची गरजही पाव ते एक तृतीयांशाने वाढते. गरोदर असल्याचं कळेपर्यंत त्यातले काही आठवडे निघून गेलेले असतात. शिवाय एकदा बाळंतपणानंतर असं झालं असेल तर पुढच्या वेळी परत होण्याची शक्यता बरीच असते.

मृदगंध
नाही, तो विचार नाही. आमची एकच. डॉक्टरांना सांगितलंय.

पारिजात
मग ठीक. २५ वर सहा ते आठ आठवडे, मग टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळं असलेलं थायरॉक्सिन) दोन्ही. ठीक आले तर बंद, परत तेवढ्याच आठवड्यांनी तपासणी. तेव्हाही नॉर्मल असेल तर सहा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी. अँटीबॉडीज वाढलेल्या आहेत म्हणून ही वर्षाची तपासणी सोडायची नाही. टीएसएच १० च्या वर गेला किंवा टी-४ घसरला तर गोळी परत, लगेच. मधे कुठेतरी अडकला, समजा ६ आला आणि तुम्हाला बरं वाटतंय, तर घाई न करता दोन-तीन महिन्यांनी परत बघता येतं.

कवडसा
आईची जुनी फाइल काढली. सुरुवातीचा टीएसएच ८०. तिची चालूच राहू दे.

पारिजात
हो, चालूच ठेवा, त्यात दुमत नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेत असतील तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगा, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

मृदगंध
२५ वरचा रिपोर्ट आला. टीएसएच ३.४, फ्री टी-४ नॉर्मलच्या मधोमध. त्रास काही नाही, नवऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, त्यालाही फरक वाटला नाही. आता पूर्ण बंद करायची आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतेय, त्याने काही होतं का?

पारिजात
छान. बायोटिनचं विचारलंत ते बरं केलंत. त्याने ग्रंथीला काही होत नाही, पण काही लॅबच्या तपासणी पद्धतीत ते गडबड करतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ ग्रंथी मंदावलेली असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसेल. हा ३.४ चा रिपोर्ट बायोटिन चालू असताना दिला असेल तर गोळी बंद करण्याआधी तो परत करा. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवा, डोस मोठा असेल तर आणखी जास्त, आणि लॅबलाही सांगा.

मृदगंध
चालूच होतं. सोमवारपासून थांबवते आणि शुक्रवारी परत रक्त देते. तो रिपोर्ट येईपर्यंत २५ चालू ठेवते.